मॉडेल रेल्वे इंजिनाच्या अ‍ॅक्सलला बॉल बेअरिंग कसं बसवायचं? साइज, फिट आणि नेहमी होणाऱ्या चुका

फिजेट स्पिनर आठवतोय? त्याच्या मधोमध जी छोटी स्टीलची रिंग असते, ते बहुतेक वेळा ६०८ नंबरचं बॉल बेअरिंग असतं. स्केटिंगच्या चाकातही तेच. हेच बेअरिंग, किंवा त्याची थोडी मोठी भावंडं, माणसं ओढणाऱ्या मॉडेल रेल्वे इंजिनाच्या अ‍ॅक्सलवरही बसवता येतात. काम दिसायला सोपं आहे: भोक पाडा, बेअरिंग ठोका, अ‍ॅक्सल घाला. पण त्यातलं ‘ठोका’ हेच चुकीचं आहे.

मॉडेल इंजिनातलं बेअरिंग वजनाने सहसा खराब होत नाही. ते खराब होतं बसवताना, तिरकं दाबलं गेल्याने आणि पाण्याने. आणि एकदा चाकं पक्की झाली की ते बदलणं म्हणजे अर्धं इंजिन उघडणं. म्हणून बेअरिंग कसं निवडायचं, किती घट्ट ठेवायचं आणि कुठल्या क्रमाने बसवायचं ते नीट समजून घेऊया.

कोणत्या मॉडेल इंजिनाबद्दल बोलतोय?

मॉडेल रेल्वेचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एक टेबलावर चालणारी. पुण्यात कोथरूडला जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात दिसते तशी. यातल्या एचओ स्केलमध्ये रुळांमधलं अंतर फक्त १६.५ मिमी असतं. दुसरा प्रकार म्हणजे ज्यावर माणूस बसू शकतो अशी गाडी. ब्रिटनमध्ये हा छंद फार जुना आहे. ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक तिथे १८९८ मध्ये सुरू झालं. ३½ इंच, ५ इंच आणि ७¼ इंच हे तिथले नेहमीचे गेज. ही इंजिनं खऱ्या कोळशावर आणि वाफेवर चालतात, किंवा बॅटरी आणि मोटरवर.

या लेखात उदाहरण घेतलंय ५ इंच गेजचं, म्हणजे १२७ मिमी रूळ-अंतराचं वाफेचं इंजिन. वजन साधारण ५० किलो, अ‍ॅक्सल १५ मिमी जाड, चाक १०० मिमी व्यासाचं. तुमच्या इंजिनाची मापं वेगळी असतील, पण हिशोब हाच राहील.

बुश की बॉल बेअरिंग? फरक किती पडतो?

पारंपरिक ड्रॉइंगमध्ये अ‍ॅक्सल गनमेटल किंवा ब्राँझच्या अ‍ॅक्सलबॉक्समध्ये सरळ फिरतो. याला साधं बेअरिंग किंवा बुश म्हणतात. धातूवर धातू घासतो आणि मध्ये तेल असतं. बॉल बेअरिंगमध्ये आतली रिंग, बाहेरची रिंग आणि मध्ये गोळ्या. घासण्याऐवजी गोळ्या लोळतात.

५० किलो म्हणजे अंदाजे ५०० न्यूटन वजन अ‍ॅक्सलवर येतं असं धरूया.

- साधं बुश, गाडी उभी असताना, तेलाचा थर नीट तयार झालेला नसताना: घर्षणाचा गुणांक ०.१ च्या आसपास. चाकाच्या कडेला लागणारा जोर = ५०० × ०.१ × ७.५ ÷ ५० = ७.५ न्यूटन. म्हणजे साधारण पाऊण किलोचा जोर.
- बॉल बेअरिंग: गुणांक ०.००१५ च्या आसपास. तोच हिशोब केला तर ०.११ न्यूटन. म्हणजे ११ ग्रॅम.

कागदावर फरक जबरदस्त आहे. प्रत्यक्षात तो एवढा दिसत नाही, कारण रबरी सील आणि ग्रीस यांचं स्वतःचं घर्षण असतं, आणि छोट्या बेअरिंगमध्ये ते गोळ्यांच्या घर्षणापेक्षाही जास्त भरतं. शिवाय बुशसुद्धा वेग घेतल्यावर आणि तेल पसरल्यावर बरंच हलकं फिरतं. खरा फायदा गाडी जागेवरून हलवताना मिळतो.

हे मोठ्या रेल्वेतही सिद्ध झालंय. १९३० मध्ये अमेरिकेत टिमकेन कंपनीने सगळ्या अ‍ॅक्सलवर रोलर बेअरिंग असलेलं ११११ नंबरचं वाफेचं इंजिन बनवून घेतलं. त्याला ‘फोर एसेस’ म्हणायचे. ते किती हलकं चालतं हे पटवून देण्यासाठी माणसांनी हातांनी ओढून दाखवण्याचे जाहीर प्रयोग झाले.

आणखी एक गोष्ट. दोन मोठी माणसं आणि ट्रॉली मिळून वजन सहज १८० किलो होतं. इंजिन फक्त ५० किलो. म्हणजे जास्त वजन ट्रॉलीवर आहे. बजेट कमी असेल तर बॉल बेअरिंग आधी ट्रॉलीला लावा. इंजिनात त्याचा मोठा फायदा ओढण्यापेक्षा टिकण्यात आहे. बुश झिजलं की अ‍ॅक्सल मागेपुढे खेळतो, कपलिंग रॉडचं अंतर जुळत नाही आणि इंजिन ‘टक टक’ करायला लागतं.

बेअरिंगवरचा नंबर कसा वाचायचा?

दुकानात ‘१५ चं बेअरिंग द्या’ म्हणण्यापेक्षा नंबर सांगा. शेवटचे दोन अंक आतल्या भोकाचं माप सांगतात: ०० म्हणजे १० मिमी, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. ०४ पासून पुढे अंकाला ५ ने गुणायचं, म्हणजे ०४ = २० मिमी. ६०८ सारख्या तीन अंकी नंबरात शेवटचा अंक हेच भोक: ८ मिमी.

नेहमी लागणारी मापं (भोक × बाहेरचा व्यास × जाडी, मिमीमध्ये):

- ६०८: ८ × २२ × ७
- ६०००: १० × २६ × ८
- ६००१: १२ × २८ × ८
- ६००२: १५ × ३२ × ९
- ६८०२: १५ × २४ × ५ (पातळ प्रकार, जागा कमी असेल तेव्हा)

नंबरानंतरची अक्षरंही महत्त्वाची आहेत. ‘झेडझेड’ म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण. धूळ अडते, पाणी नाही. ‘२आरएस’ म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. ‘सी३’ म्हणजे आत गोळ्यांना नेहमीपेक्षा थोडी जास्त मोकळीक. वाफेच्या इंजिनाला २आरएस घ्या. घर्षण थोडं वाढतं, पण गरम पाणी, राख आणि सिलिंडरचं तेल बाहेर राहतं.

एवढंसं बेअरिंग वजन घेईल का?

आरामात घेईल. ६००२ बेअरिंगची गतिमान क्षमता कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये ५,५०० न्यूटनच्या पुढे असते. एसकेएफच्या कॅटलॉगमध्ये ती ५,८५० आहे. आता इंजिनात जोर किती येतो ते पाहू. ३२ मिमी सिलिंडर आणि ५.५ बार वाफ धरली, तर पिस्टनचा जोर सुमारे ४४० न्यूटन. वजनाचा वाटा धरून एका बेअरिंगवर ५०० न्यूटन समजा.

आयुष्याचं सूत्र असं: (क्षमता ÷ भार) चा घन = दशलक्ष फेरे. ५,८५० ÷ ५०० = ११.७, त्याचा घन सुमारे १,६००. म्हणजे १६० कोटी फेरे. १०० मिमी चाकाला हे अंतर सुमारे ५ लाख किलोमीटर पडतं!

कुठलंच मॉडेल इंजिन एवढं धावत नाही. म्हणून बेअरिंग निवडताना ‘अजून मोठं, अजून मजबूत’ हा विचार सोडा. अ‍ॅक्सलची जाडी आणि अ‍ॅक्सलबॉक्समधली जागा यावरून नंबर ठरवा. बाहेरच्या व्यासाच्या दोन्ही बाजूंना धातूची भिंत किमान ३ मिमी तरी राहायला हवी. ६००२ घेतलं तर अ‍ॅक्सलबॉक्स ३८ मिमी रुंद लागेल. तेवढी जागा नसेल तर ६८०२ पाहा.

आतली रिंग घट्ट, बाहेरची सरकती

इंजिनाचं वजन नेहमी खालच्या दिशेने आहे आणि अ‍ॅक्सल फिरतोय. म्हणजे आतल्या रिंगचा प्रत्येक भाग आळीपाळीने भाराखाली येतो. ही रिंग अ‍ॅक्सलवर जराही सैल असेल तर काय होईल? बोटात मोठी बांगडी अडकवून फिरवून बघा. बांगडी बोटावरून लोळत जाते. तसंच ही रिंग अ‍ॅक्सलवर हळूहळू सरकत लोळते, आणि काही काळाने अ‍ॅक्सलच झिजवते. बेअरिंग छान राहतं आणि अ‍ॅक्सल भंगारात जातो.

- अ‍ॅक्सलवर: हलका घट्ट फिट. १५ मिमी अ‍ॅक्सलला ‘के५’ हा टॉलरन्स चालतो. म्हणजे नेमक्या १५ मिमीपेक्षा १ ते ९ मायक्रॉन जास्त. (१ मायक्रॉन = मिमीचा हजारावा भाग.)
- अ‍ॅक्सलबॉक्समध्ये: सरकता फिट. ३२ मिमी भोकाला ‘एच७’, म्हणजे ३२.००० ते ३२.०२५ मिमी. बेअरिंग हाताने दाबून आत जायला हवं, पण खुळखुळ वाजता कामा नये.

बाजारात मिळणारा ग्राइंड केलेला सिल्व्हर स्टीलचा बार कधी कधी मापापेक्षा काही मायक्रॉन कमी भरतो. व्हर्निअरवर हे कळत नाही, मायक्रोमीटर लागतो. बार कमी भरला तर लॉकटाइट ६४१ सारखं बेअरिंगसाठीचं रिटेनिंग अ‍ॅडहेसिव्ह वापरता येतं. पण एक थेंब जास्त झाला आणि सीलच्या कडेतून आत गेला, तर गोळ्याच चिकटतील. म्हणून ते अ‍ॅक्सलला पातळ लावा, बेअरिंगला नाही.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: अ‍ॅक्सल तिरका होतो

वाफेच्या इंजिनात अ‍ॅक्सलबॉक्स फ्रेमच्या खाचेत, म्हणजे हॉर्नमध्ये, स्प्रिंगवर वर-खाली सरकतो. रुळाचा जोड एका बाजूला उंच असेल तर एकच चाक वर उचललं जातं आणि अ‍ॅक्सल तिरपा होतो.

दोन अ‍ॅक्सलबॉक्समधलं अंतर १०५ मिमी आहे आणि एक चाक ३ मिमी उचललं गेलं, तर तिरपेपणा साधारण १.६ अंश येतो. नेहमीचं एका रांगेचं बॉल बेअरिंग जास्तीत जास्त १० कला, म्हणजे एका अंशाचा सहावा भाग तिरपेपणा सहन करतं. १०५ मिमी अंतरावर हे फक्त ०.३ मिमी होतं!

जुन्या गनमेटल बुशमध्ये थोडी फट असायची, म्हणून ते खपून जायचं. बॉल बेअरिंग ही चूक माफ करत नाही. अ‍ॅक्सलबॉक्स हॉर्नमध्ये करकचून बसवला असेल तर सगळा ताण गोळ्यांवर येतो. यावर दोन उपाय आहेत:

1. अ‍ॅक्सलबॉक्सला डुलू द्या. हॉर्नमध्ये घासणाऱ्या त्याच्या उभ्या बाजू मधोमध पूर्ण मापाच्या ठेवा आणि वर-खाली कडेला फाइलने किंचित उतरत्या करा, पिंपासारख्या. म्हणजे बॉक्स अ‍ॅक्सलसोबत तिरका होतो आणि बेअरिंग सरळच राहतं. हॉर्नला धरून ठेवणाऱ्या कडांनाही तेवढी फट द्या.
2. सेल्फ-अलाइनिंग बेअरिंग वापरा. यात गोळ्यांच्या दोन रांगा असतात आणि बाहेरच्या रिंगचा आतला भाग वाटीसारखा गोल असतो. १५ मिमीसाठी १२०२ नंबर, माप १५ × ३५ × ११. सुमारे अडीच अंश तिरपेपणा चालतो. मात्र जागा जास्त लागते.

हे दुसरं बेअरिंग स्वीडनच्या स्वेन विंगक्विस्ट यांनी १९०७ मध्ये शोधलं. गोथेनबर्गच्या कापड गिरणीत मशिनांचे लांब शाफ्ट सरळ रेषेत राहत नसत आणि बेअरिंग सतत खराब होत. त्या अडचणीतून हे डिझाइन आलं आणि त्याच वर्षी एसकेएफ कंपनी उभी राहिली. पुण्याजवळ चिंचवडला जिचा कारखाना आहे तीच ही कंपनी.

बॅटरीवर चालणाऱ्या साध्या इंजिनात अ‍ॅक्सल फ्रेमला पक्का असेल, स्प्रिंग नसेल, तर हा प्रश्न येत नाही. तिथे फक्त दोन्ही भोकं एका रेषेत असली पाहिजेत.

बसवायची पद्धत, पायरीपायरीने

1. आधी बेअरिंग विकत घ्या, मग भोक करा. हातातल्या बेअरिंगचं माप घेऊन लेथवर बोअर करा. ड्रिलने केलेलं भोक पुरेसं गोल नसतं.
2. जोडी एकत्र करा. एका अ‍ॅक्सलचे दोन्ही बॉक्स एकाच सेटिंगमध्ये मिल करा, म्हणजे भोकाची उंची दोन्हीकडे सारखी येते.
3. आत एक कडा ठेवा. भोक आरपार एकाच मापाचं नको. शेवटी छोटी पायरी सोडा. बाहेरची रिंग तिच्यावर टेकते. पण ती पायरी आतल्या रिंगला किंवा सीलला घासता कामा नये.
4. चाकाची जागा बारीक ठेवा. अ‍ॅक्सलवर बेअरिंगची जागा १५ मिमी, तर चाकाची जागा १४ मिमी करा. बेअरिंग तिथून ओरखडा न पाडता पुढे जातं.
5. क्रम तपासा. दोन बेअरिंगच्या मध्ये एक्सेंट्रिक किंवा गिअर बसणार असेल तर तो आधी अ‍ॅक्सलवर चढवा. नंतर जागा मिळणार नाही.
6. ठोकू नका, तापवा. अ‍ॅक्सल रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. बेअरिंग ८० अंशांपर्यंत गरम करा, त्याच्या वर नाही. सीलबंद बेअरिंगमधलं ग्रीस खराब होतं. २८ अंशांवरून ८० वर गेल्यावर १५ मिमी भोक सुमारे ९ मायक्रॉन वाढतं, आणि फ्रीजरमधला अ‍ॅक्सल ८ मायक्रॉन आकसतो. मिळून १७ मायक्रॉन. के५ फिटला जास्तीत जास्त एवढंच लागतं. अ‍ॅक्सलवर दव साचतं, ते पुसा आणि झटपट बसवा. गॅसची ज्योत थेट लावू नका.
7. दाबायचंच असेल तर योग्य रिंगवर दाबा. अ‍ॅक्सलवर चढवताना पाइपचा तुकडा फक्त आतल्या रिंगवर टेकवा, बॉक्समध्ये घालताना फक्त बाहेरच्या. चुकीच्या रिंगवर जोर दिला की तो गोळ्यांमधून जातो आणि रिंगच्या खोबणीत बारीक खड्डे पडतात. दिसत नाहीत, पण फिरवताना ‘कट कट’ जाणवतात.
8. बाजूची मोकळीक द्या. दोन्ही बेअरिंग आत-बाहेर सगळीकडून आवळू नका. एका बाजूची बाहेरची रिंग आपल्या भोकात किंचित सरकू द्या. इंजिन गरम झालं की १३० मिमी अ‍ॅक्सल ५० अंशांच्या फरकाने सुमारे ०.०७ मिमी वाढतो.

चाकं पक्की करण्याआधी थांबा

दोन सिलिंडरच्या इंजिनात डाव्या आणि उजव्या चाकाच्या क्रँकपिन एकमेकींशी ९० अंशांवर असतात. याला क्वार्टरिंग म्हणतात. सगळ्या अ‍ॅक्सलवर हा कोन अगदी सारखा लागतो, नाहीतर कपलिंग रॉड अडकतात. फ्रेम चाकांच्या आत असेल तर बेअरिंगही चाकांच्या आत कैद होतं. पुढे ते बदलायचं म्हणजे चाक उपसायचं आणि क्वार्टरिंग पुन्हा करायचं. म्हणून आत्ताच हे बघा:

- अ‍ॅक्सल हाताने फिरवा. कुठेही अडखळ किंवा खरखर नको.
- दोन्ही बॉक्स फ्रेममध्ये घालून एक बाजू ३ मिमी उचला आणि पुन्हा फिरवा. आता जड वाटलं तर बॉक्सच्या बाजू अजून उतरवा.
- सील कुठे घासल्याची खूण आहे का, मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून पाहा.
- फ्रेमवर वेल्डिंग बाकी असेल तर ते आधी उरका. करंट बेअरिंगमधून गेला की गोळ्यांवर ठिणग्यांचे डाग पडतात.

टेबलावरच्या छोट्या गाडीला लावावं का?

एचओसारख्या स्केलमध्ये बहुतेक इंजिनं चाकांमधूनच वीज घेतात. बॉल बेअरिंगमधून करंट नीट जात नाही, कारण मध्ये ग्रीसचा थर असतो. ठिणग्या उडून बेअरिंगही खराब होतं. बसवायचंच असेल तर करंटसाठी चाकाला टेकणारी वेगळी पितळी पट्टी द्या. डब्यांना टोकदार अ‍ॅक्सल आणि पितळी वाटी हीच व्यवस्था उत्तम आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बोटाने जास्त वेळ फिरतं ते बेअरिंग चांगलं ना?
नाही. स्पिनरचं बेअरिंग खूप वेळ फिरतं कारण त्यात ग्रीस जवळजवळ नसतंच. नवं २आरएस बेअरिंग बोटाने दिलेल्या झटक्याला लगेच थांबतं, आणि तसंच हवं. पेट्रोलमध्ये धुवून ‘मोकळं’ करू नका. पहिल्याच पाण्यात गंजेल.

स्केटिंगचं जुनं ६०८ चालेल का?
ट्रॉलीचा अ‍ॅक्सल ८ मिमी असेल आणि बेअरिंग गुळगुळीत फिरत असेल तर ट्रॉलीला चालेल. इंजिनाला नवंच घ्या.

निडल रोलर बेअरिंग जास्त छोटं असतं, ते का नको?
जागा खूपच कमी असेल तर चांगला पर्याय आहे. १५ मिमी अ‍ॅक्सलला एचके १५१२ बाहेरून फक्त २१ मिमी भरतं. पण रोलर थेट अ‍ॅक्सलवर फिरतात, म्हणून अ‍ॅक्सल कडक केलेला हवा, किंवा वेगळी आतली रिंग घालावी लागते.

बेअरिंग खरं की डुप्लिकेट, कसं ओळखायचं?
नामांकित कंपन्यांच्या नावाने नकली माल विकला जातो. एसकेएफचं ‘एसकेएफ ऑथेंटिकेट’ नावाचं मोबाइल अ‍ॅप आहे. त्यातून बॉक्स आणि बेअरिंगचे फोटो कंपनीकडे तपासणीसाठी पाठवता येतात.

माझ्या इंजिनात गनमेटल बुश आहेत, बदलू का?
बुश झिजलेले नसतील आणि तेल वेळेवर घालत असाल तर बदलू नका. ते वर्षानुवर्षं चालतात. अ‍ॅक्सल आडवा खेळायला लागला, किंवा टायर आणि चाकांच्या कामासाठी चाकं उतरवावी लागलीच, तर तीच बॉल बेअरिंग बसवायची योग्य वेळ.